चार खाटांच्या द्वारकासिस्टर

द्वारकासिस्टर पेशंटच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. नवीन पेशंट आला की आम्ही बाकीचे खाटेच्या डोक्याशी गर्दी करायचो. कुणी ऑक्सिजनचा मास्क लावतंय, कुणी शीर शोधतंय, कुणी नातेवाइकांना दाराबाहेर काढतंय. सिस्टर मात्र पायथ्याशी जाऊन उभ्या राहायच्या. चादर घोट्यापर्यंत वर सरकवायच्या आणि बोटांची मागची बाजू पेशंटच्या पायाच्या अंगठ्याला लावायच्या. ताप आलेल्या मुलाच्या गालाला आई लावते तशी. मग दुसरा पाय. मग घोटा, मग पोटरी. एवढं झाल्यावर मान वर करून विचारायच्या, "नाव काय तुमचं?"

पेशंट गोंधळायचे. एका म्हाताऱ्या गुजराती व्यापाऱ्याला तर वाटलं, या बाई पाया पडतायत. त्याने तशा अवस्थेतही हात उचलून आशीर्वाद दिला. सिस्टरनी तो घेतला आणि मला म्हणाल्या, "पाय गरम आहेत, आशीर्वादही दमदार आहे. हे चार दिवसांत घरी जातील." तो पाचव्या दिवशी घरी गेला. चौथ्या दिवशी अमावास्या होती म्हणून थांबला.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. मी एम.डी. होऊन पुण्याहून लग्नानंतर पनवेलला आले होते. त्या काळी पनवेलमध्ये कुणाच्या छातीत दुखायला लागलं की त्याला मिळेल त्या गाडीत घालून मुंबईकडे पळवायचे. वाशीची खाडी ओलांडेपर्यंत टिकला तर टिकला. डॉ. सामंत नावाच्या सर्जननी ते बदलायचं मनावर घेतलं आणि तळ्याजवळच्या आपल्या नर्सिंग होमच्या पहिल्या मजल्यावर चार खाटांचा हृदयविभाग काढला. दोन मॉनिटर, एक शॉक देण्याचं मशीन, खिडकीत बसवलेला एसी, आणि डॉक्टर म्हणून मी. सिस्टर इन-चार्ज हवी होती. तशी जाहिरात दिली आणि द्वारका ठाकूर मुलाखतीला आल्या.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, नाकात चमकी, कडक इस्त्रीची पांढरी साडी. वय पंचेचाळीसच्या पुढे. मुंबईच्या एका मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात एकवीस वर्षं हृदयविभागात काढलेली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेऊन कामोठ्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या आपल्या गावी परतल्या होत्या. डॉ. सामंतांनी एक प्रश्न विचारला, त्यानंतरचे सगळे प्रश्न सिस्टरनी विचारले. शेवटचा होता, "शॉक मशीन कुठे ठेवलंय?"

सामंतांनी अभिमानानं कपाट दाखवलं. कपाटाला कुलूप होतं. मशीन नवं कोरं, कुणी उगाच हात लावू नये म्हणून.

"किल्ली?"

"माझ्याकडे असते."

"आणि तुम्ही ऑपरेशनमध्ये असलात तर? मी पेशंटच्या छातीवर कुलूप ठेवू?"

सामंत रागीट माणूस. पण त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. सिस्टरनी ती उचलली, कपाट उघडलं, मशीन बाहेर काढून दोन खाटांच्या मधे ढकललं, त्याची वायर प्लगमध्ये घातली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून येते."

त्या आल्या आणि पहिल्या आठवड्यात आमच्या तक्त्यावर एक नवा रकाना उगवला. तापमान, नाडी, रक्तदाब, लघवी यांच्या शेजारी पट्टीनं रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं, 'पाय'. त्यात दर तासाला चारपैकी एक शब्द भरायचा: बर्फ, गार, कोमट, घरचे.

"घरचे म्हणजे काय?" मी विचारलं.

"घरी अंथरुणात असतात तसे."

दर शनिवारी मुंबईहून एक हृदयरोगतज्ज्ञ आमच्याकडे येत. त्यांनी तो रकाना पाहिला आणि मोठ्यानं हसले. महिनाभरानं मात्र मी पाहिलं, ते मॉनिटरकडे जाण्याआधी तक्ता उचलून तोच रकाना वाचत होते. कारण साधं होतं. हृदयाचा जोर कमी पडला, की शरीर आधी लांबच्या भागांचं रक्त तोडतं आणि मेंदू-मूत्रपिंडांना पुरवतं. रक्तदाबाचा आकडा पुष्कळ वेळ तग धरतो. पाय आधी सांगतात. हे मीही पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि दर तासाला चार खाटांच्या आठ पायांना हात लावणं वेगळं.

मॉनिटरला त्या टीव्ही म्हणायच्या. नवीन मुली हिरव्या रेघेकडे टक लावून बसल्या की त्यांचा आवाज यायचा, "टीव्ही नंतर बघा. आधी माणूस बघा."

त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. आमच्याशी स्वच्छ, शहरी मराठी. खाडीकडच्या गावांतला पेशंट आला की एका क्षणात 'हाय' आणि 'नाय' सुरू. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, तुम्ही दोन मराठी बोलता." त्या म्हणाल्या, "तिसरी भाषा तुम्ही अजून ऐकली नाही. हॉस्टेलात केरळच्या मुलींबरोबर सात वर्षं राहिलेय. खूप रागावले की मल्याळम येतं." ते मी पुढे ऐकलं. एका मुलीनं सलाइनमध्ये औषध घातलं आणि बाटलीवर चिठ्ठी लावली नाही, त्या दिवशी. अर्थ कळला नाही, पण पुन्हा कुणी चिठ्ठी लावायची विसरली नाही.

गुणांची खाण होत्या असं मात्र नाही. डूख धरायच्या. सामंतांनी त्यांना न विचारता त्यांची खुर्ची ओपीडीत नेली म्हणून त्या अकरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सगळे निरोप माझ्यामार्फत. सामंत समोर उभे असताना मला म्हणायच्या, "सरांना सांगा, तीन नंबरच्या पेशंटला सोडायला हरकत नाही." आणि सामंतही मला म्हणायचे, "सिस्टरना सांगा, बरं." बाराव्या दिवशी खुर्ची परत आली. तिला नवीन उशीही होती.

जेवायला त्या गच्चीवर जायच्या, कारण डब्यात बहुधा सुकट असायची आणि वास खाली आला तर पेशंट पथ्य मोडतील, असं त्यांचं म्हणणं. मी कोकणस्थ, शाकाहारी. पहिल्या वर्षी नाकाला पदर लावून त्यांच्या शेजारी बसायचे. दुसऱ्या वर्षी पदर सुटला. पुढचं सासूबाई हयात असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या सुरुवातीच्या मोठ्या पेशंटांपैकी एक होते उरणकडचे आप्पा. पुढारी माणूस. पंचक्रोशीतली भांडणं त्यांच्या ओटीवर मिटायची. हृदयविकाराचा मोठा झटका, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, जीव वाचला. आता तीन दिवस खाटेवरून उठायचं नाही, असं मी बजावलं. आप्पांना हे पटलं नाही. बाहेर व्हरांड्यात त्यांची तीस-चाळीस माणसं बसून होती आणि त्यांच्यासमोर आपल्याला संडासाला भांडं द्यावं लागतं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छातीवरच्या तारा काढून ठेवल्या आणि हळूच संडासात गेले. मॉनिटरवर सरळ रेघ आली, भोंगा वाजू लागला. दाराच्या काचेतून आत डोकावणाऱ्या पुतण्यानं ती रेघ पाहिली आणि हंबरडा फोडला. पाठोपाठ सगळा व्हरांडा. नवीन नर्स रिकामी खाट बघून जागच्या जागी थिजली. मी धावत वर आले, तर सिस्टर संडासाच्या दाराशी हात बांधून उभ्या होत्या. आप्पा लुंगी सावरत बाहेर आले.

"आप्पा," सिस्टर म्हणाल्या, "तुमी मेलाय. बाहेर लोक रडताय."

आप्पांनी कान दिला. चेहऱ्यावर हसू पसरलं. "जरा थांब गो. कोन कोन रडतंय ते बगू दे."

"झोपून ऐका."

त्यांना धरून खाटेवर नेलं, तारा लावल्या. ठोके बरे होते. मग सिस्टर स्टूल ओढून त्यांच्या पायथ्याशी बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आप्पा, खाजनात खाडीचं पाणी अडवायला नवीन बांध घातला, की दुसऱ्या दिवशी त्यावरून गाडी नेता?"

"नाय. बसंल ना तो."

"किती दिस सुकू देता?"

"समजला," आप्पा म्हणाले. त्यानंतर त्यांनी भांड्यावरून एक शब्द काढला नाही. बाहेर मात्र त्या सकाळी कोण रडलं आणि कोण चहा प्यायला गेलं होतं, याची सविस्तर चौकशी त्यांनी केली. पुढच्या निवडणुकीत तिचा उपयोगही झाला म्हणतात.

दुसरा प्रसंग उस्मानचाचांचा. चाचा पनवेलच्या बाजारपेठेतले जुने शिंपी. त्यांच्या हृदयातलं वरचं-खालचं दळणवळण तुटलं होतं. खालचे कप्पे मिनिटाला जेमतेम तीसदा हलायचे आणि मधूनच थांबायचे. शनिवारच्या डॉक्टरांनी गळ्याजवळच्या शिरेतून एक तार हृदयात सरकवून ती बाहेरच्या छोट्या डब्याला जोडली. तात्पुरता पेसमेकर. डब्यात चौकोनी बॅटरी. चाचांचे ठोके सत्तरवर आले, ते बसून पेज प्यायले.

रविवारी दुपारी भारताची मॅच होती. बाहेरच्या बाकावर चाचांचे दोन मुलगे आणि इतर पेशंटांची माणसं एका खिशातल्या ट्रान्झिस्टरभोवती डोकी जोडून बसली होती. मी आत तक्ते लिहीत होते. चाचा काहीतरी सांगत होते आणि सांगता सांगता गप्प झाले. डब्यावरचा दिवा विझला होता. मॉनिटरवर नुसती लहान लहान लाटांची रेघ. चाचांचे डोळे वर गेले.

मी खणातली राखीव बॅटरी काढून घातली. दिवा लागेना. ती खणातच मेली होती. तेवढ्यात ठक असा आवाज आला. सिस्टर चाचांच्या छातीवर, मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, मुठीच्या कडेनं टकटक करत होत्या. जोरात नाही, शेजारणीच्या दारावर ओळखीची बाई थाप मारते तेवढीच. आणि प्रत्येक थापेला मॉनिटरवर एक ठोका उमटत होता. मी पुस्तकात एक ओळ वाचली होती, की असं करता येतं. प्रत्यक्ष पाहत होते पहिल्यांदाच.

चाचांनी डोळे उघडले.

"चाचा, मेरी तरफ देखो," सिस्टर म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "कुछ नहीं, दरवाजा खटखटा रही हूँ." मग मान न वळवता मला, "डॉक्टर, बाहेर रेडिओ वाजतोय. त्यातली बॅटरी चौकोनीच असते."

मी बाहेर धावले आणि काही न बोलता रेडिओ हिसकावला. शेवटची षटकं चालू होती. चार-पाच माणसं माझ्यावर ओरडली. मागचं झाकण उघडताना माझं नख मोडलं. बॅटरी आणून डब्यात घातली, दिवा लुकलुकला, आणि ठोके आपापले चालू झाले. सिस्टरनी मूठ उचलली, दोन थापा मोजायचा वेळ थांबल्या, मग हात झटकला.

चाचांना थोड्या वेळानं तरतरी आली. बाहेर काय गडबड झाली, ते त्यांच्या कानावर आलं असावं. "मॅच का क्या हुआ?" त्यांनी विचारलं.

"पता नहीं," सिस्टर म्हणाल्या. "मॅच आपके अंदर चल रही है."

चाचा बरे होऊन गेल्यावर महिन्याभरानं त्यांनी एक जाड कापडाची थैली शिवून पाठवली. सहा कप्पे, प्रत्येक कप्प्याला बटण. ती शॉक मशीनच्या वर खिळ्याला टांगली गेली आणि सहा बॅटऱ्या दर सोमवारी तपासल्या जाऊ लागल्या.

सगळेच वाचायचे नाहीत. पेशंट गेला, की सिस्टर आम्हाला सगळ्यांना दूर करायच्या. नळ्या, तारा काढायच्या, ओल्या फडक्यानं तोंड पुसायच्या, आणि स्वतःच्या पिशवीतला कंगवा काढून त्याचे केस विंचरायच्या. मगच नातेवाइकांना आत घ्यायच्या. कुणी रडत अंगावर पडलं तर हलायच्या नाहीत, उभ्या राहायच्या. त्यानंतर गच्चीवर जाऊन डबा पूर्ण खायच्या. मला घास जायचा नाही. त्या माझ्या डब्याचं झाकण उघडून पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "खाली तीन आहेत अजून."

आता वसंताबद्दल सांगते. ते सांगताना मला माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही, पण त्याशिवाय सिस्टर पुऱ्या व्हायच्या नाहीत.

वसंता सत्तावीस वर्षांचा, पनवेल डेपोत एसटीचा कंडक्टर. घरी आई एकटी. आठवडाभर तापानं पडला, ताप उतरला तरी धाप लागायला लागली, म्हणून मित्रांनी आणून दाखल केलं. मी तपासलं. नाडी जलद, छातीत थोडी घरघर, रक्तदाब शंभर. तापाच्या विषाणूनं हृदयाचा स्नायू थोडा सुजला असावा, असं निदान मी केलं. ते बरोबर होतं. 'थोडा' हा शब्द चुकीचा होता.

सकाळी दहाला सिस्टर म्हणाल्या, "चार नंबरचे पाय गार आहेत."

"एसीमुळे असतील," मी म्हटलं.

"एसी चौघांना आहे. तिघांचे पाय घरचे आहेत."

मी मॉनिटर पाहिला, रक्तदाब पुन्हा मोजला. पंच्याण्णव. वसंता माझ्याशी नीट बोलला. खाली ओपीडीत चाळीस माणसं थांबली होती. "बघू थोडा वेळ," असं म्हणून मी खाली गेले. माझ्या आवाजात थोडा वैताग होता, तो मला आजही ऐकू येतो.

तासाभरानं ओपीडीच्या दारात सिस्टर उभ्या. त्या कधीही विभाग सोडून खाली येत नसत. समोरच्या पेशंटची पर्वा न करता त्या म्हणाल्या, "गुडघ्यापर्यंत गार. तासाभरात लघवीचा थेंब नाही. आता बोलताना गोंधळतोय. मला 'पुढे सरका, मधे जागा आहे' म्हणाला."

वर गेले तर रक्तदाब सत्तर. वसंताचं हृदय दमलं होतं. शरीराला पुरेल एवढं रक्त ढकलायची त्याची ताकद संपत होती. मी रक्तदाब उचलणाऱ्या औषधाचं ठिबक सुरू केलं. आकडा थोडा वर आला, पायांचा रकाना तसाच. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "याला फुगा लागेल."

फुगा म्हणजे मांडीतल्या धमनीतून वर महाधमनीत सरकवलेला लांबट फुगा, मशीनला जोडलेला. हृदय सैल पडलं की तो फुगतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांकडे रेटतो. हृदय आवळायला लागलं की तो क्षणात मिटतो आणि पुढचा रस्ता मोकळा करतो. असं मशीन तेव्हा मुंबईतही मोजक्या ठिकाणी होतं. त्यातलं एक सिस्टरच्या जुन्या वॉर्डात.

मी त्या हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर राउंडवर होते. पंधरा मिनिटं कुणी फोनवर येईना. सिस्टरनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला, दुसरा नंबर फिरवला आणि पलीकडे कुणा पार्वतीमावशींशी बोलल्या. पार्वतीमावशी त्या वॉर्डच्या आया. "मावशी, दोन नंबर रिकामा आहे ना? चादर बदलून ठेव. मशीनच्या गॅसची बाटली भरलेली आहे का बघ. तासा-दीड तासात आले." फोन ठेवून मला म्हणाल्या, "झालं. डॉक्टरना ती सांगेल."

आता अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सापडेना. तो सुट्टीवर होता. खाली डेपोतली वसंताची मित्रमंडळी उभी होती. त्यातला एक ड्रायव्हर पुढे आला, "मी नेतो." सिस्टरनी त्याला विचारलं, "गाडीत साठ माणसं उभी आहेत असं समजून चालवशील?" तो म्हणाला, "रोज तेच करतो." आणि खरंच, इतक्या अलगद गाडी नेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ब्रेक लागल्याचं कळायचं नाही.

आत आम्ही तिघं. सिस्टर एका हातानं बाटली उंच धरून, दुसरा हात वसंताच्या पोटरीवर. खड्डा आला की ठिबकाचा वेग बदलायचा, म्हणून त्या ओठातल्या ओठात थेंब मोजत होत्या. माझं बोट त्याच्या मनगटावर. नाडी दोऱ्यासारखी. खाडीच्या पुलावर ट्रकांची रांग लागलेली होती आणि आम्ही थांबलो. तिथे मला राहवलं नाही.

"सिस्टर, तुम्ही दहाला सांगितलं होतं. मी तासभर घालवला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, प्रेमानंही नाही. "डॉक्टर, थोडा वेळ बाटली तुम्ही धरा," त्या म्हणाल्या. "माझा हात भरून आलाय. आणि मोजणं सोडू नका." मी बाटली धरली आणि मोजत राहिले. मोजताना दुसरं काही मनात येत नाही, हे मला मानखुर्द गेल्यावर कळलं.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये पार्वतीमावशी स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे धापा टाकत वॉर्डाचे डॉक्टर. चाळीस मिनिटांत फुगा आत गेला. मशीन ठोक्यागणिक टक-फुस, टक-फुस करू लागलं. तिथल्या इन-चार्ज सिस्टर द्वारकासिस्टरच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी एक शब्द न बोलता त्यांना स्टूल दिलं. परक्या हॉस्पिटलात, कुणाची परवानगी नसताना, द्वारकासिस्टर त्या स्टुलावर तीन दिवस राहिल्या.

वसंताची आई मागून मित्रांच्या गाडीतून आली. मुलाच्या मांडीत नळी आणि शेजारी आवाज करणारं मशीन बघून तिने खाटेचा दांडा धरला. "आता हे मशीन बंद केलं की माझा वसंता जाणार का?"

सिस्टरनी तिला स्टुलावर बसवलं. "वहिनी, एसटी चढावर बंद पडली की काय करतात?"

"लोक उतरून ढकलतात."

"गाडी भंगारात काढतात का?"

"नाही."

"इंजिन तापलंय, दमलंय. हे मशीन मागून ढकलतंय. आज प्रत्येक ठोक्याला ढकलेल. मग एक सोडून एक. मग तीनात एकदा. इंजिन आपलं आपण चालायला लागलं की आपण बाजूला व्हायचं."

मी संध्याकाळी पनवेलला परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. हॅलो नाही, काही नाही. सिस्टरचा आवाज म्हणाला, "घोट्यापर्यंत कोमट," आणि फोन ठेवला गेला. तिसऱ्या दिवशी, "एक सोडून एक. लघवी भरपूर." चौथ्या दिवशी फोन आला नाही. मी दिवसभर जिन्याच्या आवाजाकडे कान लावून होते. पाचच्या सुमाराला त्या स्वतःच वर आल्या, साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. आल्या त्या सरळ एक नंबरच्या पायथ्याशी गेल्या, चादर वर केली, हात लावला. मग दोन, मग तीन. चारपाशी येऊन थांबल्या. ती खाट रिकामी होती.

"फुगा काढला सकाळी," त्या म्हणाल्या. "पाय घरचे."

मग खुर्चीत बसल्या आणि तेवढं एकदाच मी त्यांना ड्युटीवर डोळे मिटून बसलेलं पाहिलं.

वसंता सहा महिन्यांनी कामावर रुजू झाला; पहिले काही महिने डेपोत टेबलावर, मग गाडीवर. सिस्टर त्याच्या गाडीत चढल्या की तो दोनदा घंटी मारायचा आणि सगळ्या बसला सांगायचा, "सिस्टरना बसू द्या." सिस्टरना ते अजिबात आवडायचं नाही. त्या मुद्दाम पुढची गाडी पकडायच्या. आणि मी? मी त्या दिवसापासून कुठल्याही पेशंटकडे गेले तरी आधी चादर वर करते. पुढे पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात माझे विद्यार्थी मागून हसायचे, ते मला माहीत होतं.

सिस्टर आमच्याकडे सात वर्षं होत्या. गेल्या त्याही आपल्या पद्धतीनं. एका सकाळी त्यांनी औषधाची काचेची कुपी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "यावर काय लिहिलंय, वाच गं." मुलीनं वाचलं. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, तक्ता भरला, ड्युटी पूर्ण केली. मग पिशवीतून अबोलीचा वळेसर काढून केसात माळला, तसा त्या रोज माळायच्या, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "उद्यापासून मी नाही." मी पुष्कळ समजावलं, चष्मा बदला, मोतीबिंदू असेल, काढून टाकू. "काढीन की," त्या म्हणाल्या. "पण कुपी दुसऱ्याला वाचायला सांगितली, म्हणजे इथलं काम संपलं." मोतीबिंदू त्यांनी पुढच्या महिन्यात काढला. परत मात्र आल्या नाहीत.

नंतर मीही पुण्याला परत गेले. काही वर्षांनी सामंतांचं पत्र आलं, की द्वारकासिस्टर झोपेतच गेल्या, आजार-बिजार काही नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'खुर्ची अजून तिथेच आहे.'

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पनवेल सोडायच्या आदल्या आठवड्यात. कामोठ्याच्या पुढे एका पेशंटला घरी बघायला गेले होते. दुपारची ओहोटी. परतताना रस्त्याच्या कडेला, खाडीच्या चिखलात सात-आठ बायका लुगडी वर खोचून निवट्या पकडत होत्या. निवट्या म्हणजे चिखलात बिळं करून राहणारी, उड्या मारत पळणारी छोटी मासळी. त्यातल्या एका रुंद पाठीच्या बाईनं रंगीत लुगडं नेसलं होतं. ती आडवी पडून, खांद्यापर्यंत हात बिळात घालून, मान वाकडी करून हसत होती. मी सिस्टरना पांढऱ्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. ओळखायला वेळ लागला. गाडी थांबवून मी हाक मारली.

त्यांनी नुसती मान वळवली. गालावर चिखल, नाकातली चमकी मात्र लखलखीत. दुसरा हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं.

"बोलू नका, डॉक्टर. बोटाला लागलीये."

मी बांधावर उभी राहिले. इतर बायकाही थांबल्या. सिस्टरनी डोळे बारीक केले, खांदा आणखी आत रेटला आणि एका झटक्यात हात बाहेर ओढला. मुठीत वळवळणारी, चांगली बोटभर मोठी निवटी. ती कमरेला बांधलेल्या डब्यात टाकून त्यांनी झाकण दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थांबताय ना? अजून दहा मिळाल्या की घरी जाऊ. कालवण करते."

मला ओपीडीची घाई होती. मी घड्याळ पाहिलं आणि ते पर्समध्ये टाकलं. चपला काढून बांधावर ठेवल्या. सिस्टर तोवर पुढच्या बिळापाशी ओणव्या झाल्या होत्या.